कोपऱ्यातून सांगितलेलं

माझा थोरला भाऊ बॉक्सर होता आणि मीही होतो, असं मी म्हणालो की ऐकणारे पहिल्या अर्ध्यावर मान डोलावतात आणि दुसऱ्या अर्ध्यावर हसतात. मॉरिशसच्या दक्षिणेला शमें ग्रेनिए हे आमचं गाव. तिथे कुणालाही "मराठ्यांच्यातला बॉक्सर कुठे राहायचा?" असं विचारा, दादाचं घर हात धरून दाखवतील. माझा विषय निघालाच तर "तो मास्तर" म्हणून निघतो. त्याबद्दल माझी तक्रार नाही. म्हणजे होती, पुष्कळ होती, पण ती ज्यांच्याकडे करायची त्यातलं आता कुणी उरलेलं नाही.

साखर कारखान्याच्या मागे पोती ठेवायची एक जुनी कोठी होती. कामाचा भोंगा झाला की तिथे बॉक्सिंगचा क्लब भरायचा. देश स्वतंत्र होऊन चार-पाच वर्षं झाली होती, आणि गावातल्या पोरांना काहीतरी करून दाखवायचं होतं; काय ते नक्की माहीत नव्हतं. दादा कारखान्यातच फिटर होता. मी मराठीचा शिक्षक व्हायचं शिक्षण घेत होतो. आम्हाला शिकवणारा म्हातारा क्रेओल होता, जन्मभर बंदरात ओझी वाहिलेला. त्याला आम्ही सगळे तोंतों म्हणायचो, म्हणजे काका. त्याचं नाक चेहऱ्यावर पसरून गेलेलं होतं, पण बोलणं खणखणीत, आणि आठवण अशी की कुठल्या पोराने परवा डावा हात कधी खाली सोडला ते तो आज सांगायचा.

दादाची खेळायची तऱ्हा अगदी साधी होती. हनुवटी छातीत, दोन्ही मुठी समोर, आणि चालू लागायचं. तीन ठोसे खायचे आणि एक द्यायचा. पण तो एक असा असायचा की घेणारा खाली बसून विचार करायचा. माझं उलटं. मला मार खायचा नव्हता. मला माझं नाक प्रिय होतं. समोरचा आला की मी बाजूला, त्याने हात उगारला की मी मागे, आणि जाता जाता त्याच्या कपाळाला एक टिचकी. आठ-दहा लढती खेळलो, बहुतेक जिंकलो, आणि त्या जिंकताना प्रेक्षक आपापसात पावसापाण्याच्या गप्पा मारत असायचे. जे माझ्याकडे बघायचे ते ओरडायचे, "कापोन!" क्रेओलमध्ये कापोन म्हणजे भेकड. मी गुणांवर जिंकायचो आणि कापोन होऊन घरी यायचो.

बा उसाच्या मळ्यात राबलेला माणूस. माझ्या लढतीनंतर वाटेत तो चकार शब्द बोलायचा नाही. घरी आल्यावर मला ऐकू जाईल अशा बेताने आयला सांगायचा, "तुजा धाकटा नाचतो बाकी झ्याक." एकदा मी चिडून त्याला विचारलं, मागे सरण्यात लाज कसली? तेव्हा तो म्हणाला, "आपले म्हातारे जहाजातनं उतरले. किती मार खाल्ला, किती मेले. कोन मागं फिरला काय? फिरला असता तर तू इथं असतास काय रे?" परत जायला त्यांच्याकडे तिकीट नव्हतं, म्हणून ते फिरले नाहीत, असं माझ्या ओठावर आलं होतं. बाच्या पाठीकडे बघून मी ते गिळलं.

तोंतोंची एक ठाम समजूत होती. तो म्हणायचा, माणसाच्या डोक्यात किती मार मावणार ते जन्मताच ठरलेलं असतं, पण किती भरला ते बाहेरून दिसत नाही, आणि ज्याचं डोकं आहे त्याला तर अजिबात दिसत नाही. रिंगणातल्या नऊ मिनिटांची त्याला भीती नव्हती. त्याला भीती होती ती कोठीतल्या रोजच्या सरावाची, कारण दादा सरावातही तसाच चालत पुढे जायचा. "शहाण्याला शब्दाचा मार" म्हणतात. दादाला कुठलाच मार पुरत नव्हता. शेवटी एका रविवारी तोंतोंने आम्हा दोघांना बसमध्ये बसवलं आणि माएबूर्गला नेलं.

आधी तो आम्हाला बाजारात घेऊन गेला. तिथे साठीचा एक माणूस मासे विकत होता. हात सुरीसारखे चालत होते, तोंड त्याहून जोरात. एका बाईला तो म्हणत होता, "गेल्या आठवड्यात तू काप्तेन मासा नेलास, नवऱ्याला काटा लागला म्हणालीस, आज बिनकाट्याचा ने." तोंतों आमच्या कानात म्हणाला, "याच्या काळात याला कुणी हात लावू शकलेलं नाही. दहा वर्षं खेळला. नाक बघा." नाक सरळ होतं. शेजारच्या भाजीवाल्याला मी मुद्दाम विचारलं, हा बॉक्सर होता का? तो म्हणाला, "कोण, हा? हा मासेवाला आहे."

मग आम्ही किनाऱ्यावर गेलो. एका बाकावर दुसरा एक माणूस बसला होता, मासेवाल्याहून लहानच असेल. येणारा-जाणारा त्याच्यापुढे थांबत होता. कुणी हात मिळवत होतं, कुणी चहा आणून देत होतं, एकाने तर कडेवरच्या लेकराचा हात त्याच्या मुठीला लावला. हाही जुना बॉक्सर, दादासारखाच चालत पुढे जाणारा, असं सांगून तोंतोंने त्याला मिठी मारली. दहा मिनिटांत त्या माणसाने तोंतोंला तीनदा विचारलं की तू कोण. नंतर त्याची मुलगी आली आणि मनगटाला धरून त्याला घरी घेऊन गेली. जाताना तो वळून वळून बघत होता, पण आमच्याकडे नाही, समुद्राकडे.

आम्ही परतीची बस धरली. मला वाटलं, काम झालं, आता वेगळं काही सांगायलाच नको. दादा खिडकीशी बसला होता. अर्धी वाट गेल्यावर तो म्हणाला, "बघितलंस? मासेवाल्याला शेजारचा पन वळखत नाय. आन त्या दुसऱ्याला सगळं गाव सलाम करतं."

"दादा, तो माणूस स्वतःचं घर विसरलाय."

"पन लोक नाय ना विसरले त्याला."

तोंतोंला मराठी कळत नव्हतं, पण दादाचा चेहरा कळत होता. त्याने टोपी डोळ्यांवर ओढली आणि घर येईपर्यंत काढली नाही. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, असं मी वर्गात पोरांना शिकवतो. माझ्या भावाने पुढच्याला लागलेली ठेच पाहिली आणि त्याला तीच वाट आवडली.

त्याच सुमाराला दादाचं लग्न झालं. वहिनी व्हाकोआ शहरातली, सरकारी कचेरीतल्या कारकुनाची मुलगी, शाळा शिकलेली. तिने त्याची एकच लढत पाहिली आणि पुन्हा कधी आली नाही. एकदा ती मला म्हणाली, "भावजी, तुम्ही खेळता तेव्हा तुम्हाला लागत नाही. मग यांनाच का लागतं?" मी म्हणालो, खेळायची तऱ्हा वेगळी असते. "मग ती तऱ्हा बदलता येत नाही?" असं तिने विचारलं, आणि मग इकडे-तिकडे बघून हळूच सांगितलं, "सकाळी डबा घेऊन फाटकापर्यंत जातात आणि परत येऊन विचारतात, डबा भरलास का. डबा हातात असतो." दादा तेव्हा सव्वीस वर्षांचा होता. मी तिला म्हणालो, मी बघतो. असं म्हणणं किती सोपं असतं.

वाट सापडली ती गणपतीत. आमच्याकडे गणपतीत झाकरी होते. कोकणातून आमचे लोक ती बरोबर घेऊन आले. तिकडे तिला जाखडी म्हणतात असं मी पुढे वाचलं. ढोलकी-झांजवाले मध्ये बसतात, गाणारा गातो, आणि पायात चाळ बांधलेले गडी भोवताली फेर धरतात. दोन पावलं आत, दोन बाहेर, गिरकी, पुन्हा बाजूला. आणि आमच्या गावात दादासारखा झाकरी नाचणारा दुसरा नव्हता. रिंगणात खांबासारखा उभा राहणारा हा गडी तिथे पिसासारखा हलका व्हायचा. त्या वर्षी आरतीनंतर मी भिंतीशी बसून त्याचे पाय बघत होतो आणि एकदम माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दोन मागे, एक बाजूला, गिरकी. मला तोंतोंने दोन वर्षं घाम गाळून शिकवलेलं हे दादाला जन्मतःच येत होतं.

मग आम्ही कोठीत झाकरी सुरू केली. मी तेलाचा डबा उपडा घालून त्यावर ठेका धरायचो, दादा मुठी बांधून नाचायचा, आणि तोंतों डोळे पुसेपर्यंत हसायचा. पण हसता हसता तो उठून उभा राहिला. दादाला आता ठोसे लागत नव्हते. लागायचे, पण पूर्वीच्या निम्म्यानेही नाही. कोपऱ्यातून सूचना मराठीत द्यायची आमची जुनीच रीत होती, कारण समोरच्या कोपऱ्यातल्यांना क्रेओल आणि फ्रेंच कळायचं, मराठी नाही. त्यात आम्ही एक नवा शब्द घातला: फेर. मी "फेर" म्हणालो की दादाने नाचायचं. मी स्वतः तोपर्यंत खेळणं सोडलं होतं आणि त्याच्या कोपऱ्यात पाण्याची बादली घेऊन उभा राहायचो. वहिनीने एक दिवस मला घरी बोलावून पुरणपोळी वाढली. कशाबद्दल ते ती बोलली नाही. मी चार खाल्ल्या.

मग माएबूर्गची लढत आली. समोरचा पोर पोर्ट लुईचा, दादापेक्षा उंच, लांब हातांचा, त्या वर्षी कुणाला न हरलेला. आमच्या गावातून लॉऱ्या भरून माणसं आली. बा पहिल्या रांगेत, धुतलेला सदरा घालून.

पहिल्या राउंडला दादा नाचला. काय नाचला म्हणून सांगू! तो पोर हवेत हात मारत होता आणि दादा तिथे नसायचाच. जिथे असायचा तिथून एक टिचकी देऊन निघून जायचा. दुसऱ्या राउंडलाही तेच. पंचांच्या कागदात डोकावायची गरजच नव्हती, आम्ही सरळ पुढे होतो. पण सभागृह हळूहळू गप्प झालं. आधी शिट्ट्या आल्या. त्या परक्यांच्या होत्या, त्यांचं काही वाटलं नाही. मग आमच्या लोकांतून एक आवाज आला, "धाकट्याची हवा लागली याला!" लोक हसले. आणि मग तो शब्द आला, कापोन, एकाकडून, मग दुसऱ्याकडून, मग पाय आपटत, ठेक्यात. बा उभा राहिला. मला वाटलं, बाहेर जातोय. तो गेला नाही. त्याने रिंगणाकडे पाठ केली आणि तसाच उभा राहिला.

राउंड संपल्याची घंटा झाली. दादा येऊन स्टुलावर बसला. तोंतों त्याच्यापुढे गुडघ्यावर बसून क्रेओलमध्ये सांगत होता, असंच, अगदी असंच चालू ठेव, आणखी तीन मिनिटं. दादा त्याच्याकडे बघतच नव्हता. तो माझ्याकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर ओरखडासुद्धा नव्हता, डोळे स्वच्छ होते. लढतीच्या मध्यावर मी त्याला असं कधीच पाहिलं नव्हतं. तो म्हणाला, "भाऊ, काय करू?"

मला फक्त एक शब्द उच्चारायचा होता. तो माझ्याच डोक्यातून निघालेला होता.

मी म्हणालो, "पुढं जा."

मी असं का म्हणालो याचा विचार मी वर्षानुवर्षं केला आहे, आणि स्वतःला बरीच उत्तरं दिली आहेत. बाची पाठ बघवली नाही, हे एक. जो शब्द मी माझ्या अंगावर झेलला तो दादाच्या अंगावर पडलेला सहन झाला नाही, हे दुसरं, आणि ते ऐकायला बरं वाटतं. दोन्ही खरी आहेत. पण त्यांच्याखाली जे आहे ते असं, की जन्मात एकदा तरी सभागृह आमच्या कोपऱ्यासाठी ओरडावं आणि त्या कोपऱ्यात मी उभा असावं, असं मला वाटलं. एवढंच. त्या एका मिनिटाला मला वहिनी आठवली नाही, डबा आठवला नाही, किनाऱ्यावरचा तो माणूस आठवला नाही.

तोंतोंला कळलं नाही. शत्रूला कळू नये म्हणून आम्ही जी भाषा वापरायचो ती त्यालाही कळत नव्हती. दादाच्या तोंडावर मात्र असं हसू पसरलं की मला एकदम बरं वाटलं. तो उठला, हनुवटी छातीत घातली, आणि चालू लागला.

ती तीन मिनिटं मी सविस्तर सांगणार नाही. सुरुवातीला मी त्याला बसलेले ठोसे मोजत होतो, नंतर मोजायचं सोडलं. सभागृह उभं राहिलं होतं. बा वळला होता आणि दोन्ही हात वर करून ओरडत होता. लोक आपापल्या भाषेत एकच सांगत होते: अवांसे, पुढं, पुढं. आणि खरं सांगायचं तर मीही ओरडत होतो. शेवटी दादाचा तो एक ठोसा लागला आणि उंच पोर दोरावर कोसळला. छप्पर उडेल असा आवाज झाला. लोकांनी दादाला खांद्यावर घेतलं. त्याचा एक डोळा बंद झाला होता आणि दुसरा कुठे बघत होता ते त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं.

तोंतोंने मला बाजूला घेऊन विचारलं, "तू त्याला काय सांगितलंस?"

"तू सांगितलंस तेच," मी म्हणालो.

त्याने माझ्या हातातली बादली उचलली. त्यानंतर तो माझ्याशी रामरामापुरतंच बोलायचा.

त्या दिवसानंतर दादाने कोठीत पुन्हा फेर धरला नाही. मी डब्यावर ठेका धरला की तो हसायचा आणि म्हणायचा, "आता कशाला रे? झालं की ते." मी समजावलं, भांडलो, एकदा पाया पडलो. लोकांनी त्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं होतं, आणि शिडी तर मीच लावून दिली होती. वर्षभराने मला व्हाकोआच्या एका शाळेत नेमणूक मिळाली आणि मी कोपरा सोडला. घर लांब पडतं, असं कारण दिलं. मार चुकवण्यात मी पहिल्यापासून हुशार.

रविवारी मात्र मी गावी जायचो, आणि दर रविवारी काहीतरी थोडं कमी झालेलं दिसायचं. आधी डोकेदुखी. मग राग, ताट भिंतीवर, आणि मागून लहान पोरासारखं रडणं. डावा हात थरथरायला लागला. जीभ जड झाली. लोकांना वाटायचं, रम प्यायलाय. दादाने आयुष्यात रमच्या बाटलीचं बूच हुंगलं नव्हतं, आणि हे लोक प्रेमाने त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणायचे, "कमी कर रे जरा." मी त्याला इस्पितळात नेलं. डॉक्टरांनी डोळ्यात बॅटरी मारली, नाकाला बोट लावायला सांगितलं. दादाने दोनदा बरोबर लावलं, तिसऱ्यांदा गालाला. डॉक्टर म्हणाले, खेळणं बंद करा, आराम करा. दादा "वी, वी", म्हणजे हो हो, म्हणाला आणि सोमवारी कोठीत हजर. मी बाकडे गेलो. बा म्हणाला, "जोपर्यंत पुढं चालतोय तोपर्यंत चालू दे." मी हात टेकले. हात टेकले म्हणतो खरं, पण मुळात मी ते किती ताकदीने उचलले होते, कोण जाणे.

ऐंशीचं दशक लागलं तेव्हा क्लबनेच त्याला थांबवलं. सरावात तो समोरच्याने हात खाली घेतल्यावरही मुठी उगारून उभा राहायचा, पोरं घाबरायची. कारखान्याने फिटरचं काम काढून घेतलं आणि अंगण झाडायला दिलं. बा त्याआधीच गेला होता, त्याला हे बघावं लागलं नाही, आणि याचा मला अजूनही राग येतो. पण मान होता हां, मान भरपूर होता. लग्नाला गेलो की दादाला पुढची खुर्ची. गावातल्या मराठी मंडळाच्या सभागृहात त्याचा फोटो, त्या माएबूर्गच्या लढतीचाच, खांद्यावर उचललेला. गणपतीत कुणीतरी त्याला फेरात ओढायचं. तो चार पावलं नाचायचा आणि मग सरळ आत चालत जायचा, ढोलकीवाल्याच्या अंगावर. सगळे हसायचे. वाईट हेतूने नाही, कौतुकानेच हसायचे. वहिनी पुढे होऊन त्याला बाजूला घ्यायची.

मग एका रविवारी मला राहवलं नाही. दादा तेव्हा अडतीसचा असेल. दुपारची वेळ होती, आम्ही दोघं ओट्यावर बसलो होतो. त्याच्या मांडीवर शेंगांचं सूप होतं आणि तो शेंगा सोलत होता. दाणे खाली पडत होते आणि टरफलं सुपात जमत होती. मी ते सूप घेऊन बाजूला ठेवलं आणि त्याचे दोन्ही हात धरले.

"दादा, माएबूर्गची लढत. तू नाचत होतास. मी तुला पुढं जा म्हणालो. मी तसं म्हणायला नको होतं. माझं चुकलं."

तो माझ्याकडे बघत राहिला. पाहुण्याकडे बघावं तसं, अदबीने.

"कंची लढत?"

मी सांगितलं. उंच पोर, पोर्ट लुईचा, लॉऱ्या भरून आलेली माणसं, बा पाठ करून उभा. मी सगळं सांगत गेलो आणि तो मान डोलावत राहिला, मला बरं वाटावं म्हणून.

"मंग? मी जिकलो काय?"

"जिंकलास."

"मंग झालं की," तो म्हणाला आणि सूप परत मांडीवर घेतलं.

मी कितीतरी वर्षं या क्षणाला भीत होतो. तो चिडेल, मारेल, घरातून हाकलेल, असं सगळं मनात उगाळून झालं होतं. माफी मागायला इतका उशीर करता येतो की ऐकणाराच निघून जातो, हे काही माझ्या हिशेबात नव्हतं. मी तिथेच त्याच्याशेजारी बसून शेंगा सोलू लागलो, कारण दुसरं काय करायचं ते सुचेना.

चहाचा कप पुढे आला तेव्हा मी मान वर केली. वहिनी दारात उभी होती, आणि चहा निवलेला होता. म्हणजे ती बराच वेळ तिथे होती.

मी निघालो तेव्हा ती बस थांब्यापर्यंत आली. एरवी कधी येत नसे. वाटेत मी म्हणालो, "वहिनी, तुम्ही ऐकलंत."

"मला ठाऊक होतं," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"त्याच दिवसापासून. घरी आले तेव्हा तोंड एवढं सुजलेलं, पाणीसुद्धा गिळता येत नव्हतं. पण हसत होते. मला म्हणाले, आज भाऊ म्हणाला, पुढं जा. आज त्याला माझं पटलं बघ." ती चालता चालताच सांगत होती. "किती खूश होते, भावजी. लढतीचं काहीच बोलले नाहीत, तुमचंच सांगत होते."

अकरा वर्षं ही बाई मला जेवायला वाढत होती, चहा देत होती, मी आणलेल्या गोळ्या त्याला वेळेवर देत होती.

"तुम्ही मला कधी बोलला नाहीत. एकदा तरी शिव्या द्यायच्या."

"दिल्या असत्या," ती म्हणाली. "पण त्यांना भेटायला दर रविवारी येणारे तुम्ही एकटेच आहात. बाकी सगळे नुसते फोटोला हार घालतात. मी बोलले असते आणि तुम्हीही यायचं बंद केलं असतं, तर मी काय केलं असतं?"

बस आली. पुढच्या रविवारी येतो, असं मी म्हणालो. ती "या" म्हणाली आणि घरी दादा एकटा आहे म्हणून झपाझप मागे वळली.